चर्चच्या मोठ्या दाराची कडी काढणेबाबत

प्रति,
मा. पाळकसाहेब,
अध्यक्ष, मंडळीचे कारभारी मंडळ,
चर्च कार्यालय.

विषय : मोठ्या दाराची आतली कडी कायमची काढण्यास मंजुरी मिळणेबाबत.
संदर्भ : 'दुरावलेल्या तरुणांच्या घरी भेटी' याविषयीचे आपले पत्र.

महोदय,

१. सविनय कळवतो की, मी व्यवसायाने घड्याळजी असून गेली बावीस वर्षे रविवारच्या उपासनेला दारावर सेवा करीत आहे. नऊच्या ठोक्याला कडी लावायची व तिसरे गीत संपल्यावरच काढायची, उशिरा येणाऱ्याने तोवर पायरीवर थांबायचे, हा नियम मीच सुचवला होता. प्रार्थनेत चपला वाजू नयेत एवढाच हेतू होता, असे मी सांगत आलो. खरे म्हणजे कडीवर माझा हात असतो, याचा मला तोरा होता.

२. आपल्या पत्रानुसार मी सात तरुणांच्या घरी जाऊन आलो. छापील फॉर्मात दुरावण्याची कारणे तीन होती : जगाची ओढ, वाईट संगत, इतर. पहिल्या दोहोंवर खुणा करायच्या म्हणून मी पेन्सिलीला टोक काढूनच निघालो होतो. सातही जणांनी 'इतर' निवडले. घरोघरी पार्सले पोचवणारा आपला लंबू लिहितो, "दोनदा पायरीवर थांबलो. तिसऱ्यांदा वाटलं, माझ्यावाचून आत कुणाचं काही अडत नाहीये." बेकरीत पहाटे कामाला जाणारी लिहिते, "काका, हातांचं पीठ धुऊन पळत यायचे, तरी पाच मिनिटं उशीर व्हायचाच."

३. तरुणांसाठी गिटार व रंगीत दिवे आणण्याच्या ठरावाला मी अनुमोदन दिले होते. ते मागे घेतो. जखम मांडीला आणि मलम शेंडीला, असे होईल. इथे कुंपणानेच शेत खाल्ले आहे, आणि कुंपण म्हणजे अर्जदार.

४. सातवा फॉर्म माझ्या धाकट्या मुलीचा आहे. ती रुग्णालयात नर्स आहे. दोन वर्षांपूर्वी एका रविवारी तिच्या वॉर्डातले एक लहान मूल दगावले, आणि ड्यूटी संपताच ती त्याच कपड्यांत चर्चला आली. नऊ वाजून चार मिनिटे झाली होती. तिने दाराच्या काचेवर टकटक केली. माझा हात कडीवरच होता. पण स्वतःच्या मुलीला सूट दिली तर लोक काय म्हणतील, असे मनात आले आणि मी गीतांच्या पुस्तकात मान घातली. दार उघडले तेव्हा पायरी रिकामी होती. घरी मी तिला म्हणालो, "आज आली नाहीस ती?" पुढच्याच महिन्यात ती नर्सेसच्या वसतिगृहात राहायला गेली. तिचा फॉर्म मी वसतिगृहाच्या फाटकावर दिला व भरलेला तिथूनच घेतला. त्यात शेवटी प्रश्न आहे, 'आपण परत यावे म्हणून मंडळीने काय करावे?' तिने लिहिले आहे, "बाबांना एवढंच विचारा, त्या दिवशी मी त्यांना दिसले होते का."

५. गेल्या रविवारी मी प्रायोगिक तत्त्वावर स्वतः चार मिनिटे उशिरा आलो. बदली सेवकाने कडी लावली होती. तीन गीतांना सतरा मिनिटे लागतात. आतले गाणे पायरीवर फार गोड ऐकू येते, आणि त्यानेच जास्त लागते. मी काचेवर टकटक केली. त्याने मला पाहिले आणि पुस्तकात मान घातली. तसे त्याला मीच शिकवले आहे.

६. तरी कडी काढण्यास मंजुरी द्यावी. बैठक पुढच्या महिन्यात आहे, म्हणून कडी मी आज सकाळीच काढली. या नियमबाह्य वर्तनाबद्दल जी शिक्षा होईल ती मान्य आहे. शक्य असल्यास पायरीवरची द्यावी.

आपला नम्र व अपराधी,
(सही)
दारावरचा सेवक
दि. ९ जून

सोबत :
१. कडी, एक. स्क्रू, चार.
२. भरलेले फॉर्म, सहा.
३. सातवा फॉर्म जोडलेला नाही. त्यातील प्रश्नाचे उत्तर 'हो, दिसली होतीस' असे असून, ते देण्यासाठी मी आज वसतिगृहावर जात आहे. तिने दार उघडेपर्यंत बाहेर थांबेन.