सातव्या सिलिंडरखालची सही

प्रिय धाकट्या,

आधी वस्तुस्थिती, क्रमाने. एक: सोमवारी सकाळी चाचणीगृहात आपल्या हलक्या रिव्हॉल्व्हरचा सातवा नमुना झाडताना गोळ्यांचे फिरते सिलिंडर फुटले आणि चाचणीवाल्या काकांच्या अंगठ्याचे पेर गेले. दोन: नळी शाबूत आहे. आत पातळ पोलादी नळी, वर हलक्या मिश्रधातूचे कवच, दोहोंना नटाने दिलेला ताण. ही जुळणी तुझी, आणि तीत तुझा हात धरणारा कोणी नाही, हे मी चौकशी समितीला लिहून दिले आहे. तीन: सिलिंडर टायटॅनियमचे, म्हणजे रचना माझी. चार: शुक्रवारी कोणीतरी त्याच्या सहा घरांच्या तोंडावरची काजळी एमरी पेपरने घासून काढली. पोलादाला चालते ते याला चालत नाही. वरचा थर गेला की तापलेला वायू धातू कुरतडतो. पाच: असे सिलिंडर बाद करण्यासाठीच मी गोळीबाराआधीची तपासणी ठेवली होती, आणि ती केवळ मीच करावी असा नियमही. सहा: त्या तपासणीच्या नोंदवहीत शनिवारी दुपारी चार वाजता 'पृष्ठभाग निर्दोष' असा शेरा आहे. खाली माझी सही आहे.

ती केल्याचे मला आठवत नाही.

फाटकावरच्या नोंदीनुसार मी त्या दिवशी साडेचारला बाहेर पडले. मला मात्र तीनला घरी चहा टाकल्याचे लख्ख आठवते. तो आदल्या शनिवारचा होता का? सही बॉलपेनची आहे आणि बॉलपेन मी हातात धरत नाही, हे तू जाणतोस. पण माझे शाईपेन त्या आठवड्यात दुरुस्तीला होते. पुरावा एकही धड नाही. असा अहवाल कोणा सहायकाने आणला असता तर मी तो तोंडावर फेकला असता. आणखी एक, जे कोणालाच सांगितलेले नाही: गेल्या महिन्यात भर सभेत मी टायटॅनियमचा वितळबिंदू विसरले. सर्वांना वाटले, बाई मुद्दाम थांबल्या.

तू कॉलेजात असल्यापासून माझी पार्सले माझी सही ठोकून सोडवून घेतोस. "ताई, तुझ्यापेक्षा मलाच ती चांगली जमते," अशी फुशारकीही मारायचास, आणि हसू येत असताना मी तुला रागवायचे. शनिवारी तू दोनदा फोन केलास, सोमवारचा नमुना तपासणीविना अडलाय म्हणून. मी काय उत्तर दिले? "तूच बघ आता," असे तर म्हणाले नाही ना?

काल इस्पितळात गेले होते. काकांना जाब विचारायचा हक्क होता, ते उलट माझीच समजूत घालत म्हणाले, "बाईंची सही होती, म्हणून मी डोळे झाकून चाप ओढला."

गुरुवारी समितीपुढे मला सांगायचे आहे की ती सही कोणाची. तुझी असेल, तर तुझी नोकरी जाईल, कदाचित त्याहून अधिक. माझी असेल, तर घासलेला धातू भिंगाखाली पाहून मी तो निर्दोष ठरवला, आणि तेही विसरले. मग या डोक्यावर मी कशासाठी विसंबायचे? यांतले कोणते खरे निघावे, हेही मला ठरवता येत नाही. फोन करू नकोस. तू नुसते 'ताई' म्हणालास तरी मी हवे ते मान्य करीन. मला वाचवण्यासाठी दोष अंगावर घेऊ नकोस आणि स्वतःला वाचवण्यासाठी माझ्या विसरभोळेपणाचा आधार घेऊ नकोस. शनिवारी चार वाजता नोंदवहीपाशी कोण होते, ते बुधवारच्या आत मला लेखी कळव.

तुझीच,
ताई