मी सोडून सगळ्यांना

५ ऑगस्ट, मं.
इराने आज कोहळ्याचा रस एका दमात संपवला. तोंडसुद्धा वेडंवाकडं केलं नाही. सात वर्षांची पोर. दूध नाही, गहू नाही, साखर नाही, दुपारपर्यंत सगळं कच्चं, आणि तक्रार नाही. मे महिन्यात तिचा दम्याचा पंप सुहासच्या हातात दिला होता, टाकून ये म्हणून. तेव्हापासून एकदाही छाती वाजलेली नाही. निसर्गोपचारवाले गुरुजी म्हणालेच होते, शरीराला मोकळं सोडा, ते आपलं आपण बघतं. सासूबाई म्हणाल्या होत्या, नवऱ्याचं ऐक, पंप राहू दे. आता बोला!
आणखी एक बरं झालंय. सकाळ-संध्याकाळ इरा वरच्या काकूंकडे जाते, देवाला फुलं वाहायला. काकू म्हणजे आमच्या घरमालकीण, चामराजपुरममधल्या जुन्या मराठी घरातल्या. त्यांचं कानडी मिसळलेलं मराठी मला अजून निम्मं कळत नाही. पण पोरीला वळण लागतंय.

१० ऑगस्ट, रवि.
गुरुजींच्या केंद्रावर पालकांचा मेळावा. मला बोलायला लावलं. माइक हातात आल्यावर मी थांबते थोडीच. कोहळा किसण्यापासून छातीवरच्या ओल्या पट्टीपर्यंत सगळं सांगितलं. शेवटी म्हटलं, माझी मुलगी पंपाशिवाय पळते. टाळ्या! सुहास पहिल्या रांगेत, तोही वाजवत होता.
नंतर आम्ही दोघं दाराशी उभे असताना मराठी मंडळातली पल्लवी आली. तिच्या मनवालाही दमा. माझे हात धरून म्हणाली, "ताई, उद्यापासून आमचाही बंद." खूप बरं वाटलं. खूप म्हणजे खूप.

१४ ऑगस्ट, गुरु.
इरा वरून आली की तिचं तोंड ओलं असतं. रोजचंच असणार, लक्षात आज आलं. विचारलं तर म्हणे, "चूळ भरली." का? "काकू सांगतात."
म्हणजे प्रसाद! गोड अवलक्की, म्हणजे पोहे, नाहीतर पेढा, आणि मला कळू नये म्हणून चूळ. मी इथे मरमर मरायचं आणि यांनी वर लाड करायचे. सुहासला सांगितलं तर म्हणाला, "सोड ना, म्हातारं माणूस आहे." मी सोडणार नाही.

१६ ऑगस्ट, शनि.
रंगेहाथ पकडायचं म्हणून इराच्या मागोमाग वर गेले. अनवाणी, आवाज नको म्हणून.
देवघरात काकू पाटावर, इरा समोर. इराच्या तोंडाला ती प्लास्टिकची नळी, नळीला पंप. काकू श्वास मोजत होत्या, "ओंदु, येरडु, मूरु..."
इराने मला पाहिलं आणि पंप पाठीमागे लपवला.
काकू म्हणाल्या, "अय्यो, बस गं आधी. तुझ्या यजमानांनीच आणून ठेवलं की. लेकराला दम लागला तर मी सुम्ने, नुसती बघत बसू काय, तूच सांग."
पंप घेतल्यावर चूळ भरायची असते. पूर्वी मीच भरायला लावायचे. विसरले होते.
सुहास खाली चहा करत होता. माझा चेहरा बघून गॅस बंद केला. म्हणाला, जूनमध्ये मी सांगलीला आईकडे गेले होते तेव्हा इराचे ओठ निळे पडले. तो तिला घेऊन धावला. डॉक्टरांनी बजावलं, पंप बंद करायचा नाही.
"मला का नाही सांगितलंस?"
"ऐकलं असतंस?"
"भांडायचं होतंस!"
"भांडलो होतो की मे महिन्यात. आठवडाभर बोलली नाहीस माझ्याशी."
पल्लवीला फोन लावतेय. उचलत नाही. मेसेज टाकला, मनवाचा पंप आत्ताच्या आत्ता सुरू कर.

१७ ऑगस्ट, रवि.
पंप द्यायलाच हवा होता. कळतंय मला, मी काही दगड नाही. निळे ओठ डोळ्यांसमोरून हलत नाहीत. माझं भांडण त्यावरून नाहीच.
मी पहाटे उठून कोहळा किसत होते तेव्हा हा काय करत होता? बघत होता. वर पट्ट्याही पिळून द्यायचा. आणि पहिल्या रांगेत बसून टाळ्या! माझ्या तोंडून दुसऱ्याच्या लेकराचा पंप बंद होताना ऐकत उभा राहिला.
सासूबाईंना फोन केला. त्यांनाही माहीत. "बरं झालं बाई कळलं, मलाच अवघडल्यासारखं होत होतं." म्हणजे मी सोडून सगळ्यांना. वेड्या माणसाला सांभाळून घेतात तसं सांभाळून घेत होते मला.
इराला विचारलं, का गं खोटं बोललीस? "बाबा म्हणाला, आईला वाईट वाटेल."
वाटलंच.

१८ ऑगस्ट, सोम.
पल्लवीचा फोन आला. मनवाला शनिवारी दवाखान्यात ठेवलं होतं, ऑक्सिजन लावून. आज घरी आणलं. आता बरी आहे. मी सगळं सांगितलं, अगदी देवघरापासून.
"ताई, तुमच्याच घरात, आणि तुम्हालाच माहीत नव्हतं?"
नव्हतं म्हटलं.
"माइकवर तर फार खात्रीने सांगत होतात." फोन ठेवला.
तिला वाटतंय मी जाणूनबुजून... तिच्या जागी मलाही तेच वाटलं असतं. सुहासला म्हटलं, तू जाऊन सांग तिला. "जाईन" म्हणाला. कधी, ते नाही सांगितलं.

२१ ऑगस्ट, गुरु.
तिघं डॉक्टरांकडे. सुहासने शोधलेले डॉक्टर, मी पहिल्यांदाच गेले. काउंटरवरची मुलगी इराला नावाने हाक मारते. इरा चपला काढून सरळ वजनकाट्यावर जाऊन उभी. मला विचारलं, आपण कोण?
डॉक्टर भले आहेत. रागावले नाहीत. म्हणाले, जेवण काय हवं ते द्या, पोटभर द्या, पंप चुकवू नका. आणि तिला कसं वाटतंय ते तिलाच विचारत जा.
संध्याकाळी इरा खोकली. मी विचारलं, "दम लागतोय का गं?"
तिने आधी बाबाकडे पाहिलं. मग म्हणाली, "नाही."
"खरं सांग."
"खरंच." परत त्याच्याकडे बघून.
जवळ ओढून तिच्या पाठीला कान लावला. घरघर नव्हती. बहुतेक.