पाणी जिरायचं की टिकायचं?

ती. ताई,

तुझ्या धाकट्याचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, म्हणून आज मनातल्या मनात). तुझे गुडघे काय म्हणतात? दाजी अजून डॉक्टरांनाच पथ्य सांगतात का? इथे आम्ही सुखरूप आहोत. फक्त मला काही कळेनासं झालं आहे, आणि तुझी भावजय म्हणते की त्यात नवीन काही नाही.

तर आपल्या प्लॉटवरच्या घराचं. नकाशा झाला, पण इकडे गटाराची लाइन नाही, तेव्हा सेप्टिक टँक आणि त्यातलं सांडपाणी सोडायला शोषखड्डा हवा, आणि जमीन त्याला योग्य आहे असा दाखला आणल्याशिवाय बांधकामाला परवानगी नाही. बावीस वर्षं हिने भाड्याच्या घरात सामायिक संडासापुढे बादली घेऊन नंबर लावला. स्वतःच्या संडासाला आतून कडी लावून निवांत बसायचं, एवढं एकच मागणं तिने माझ्याकडे केलंय, आणि ते आठवलं की मला लाज वाटते. म्हणून दाखला मिळवायचाच, असं मी ठरवलं. इथेच घोळ झाला.

मातीवाले साहेब आले. त्यांनी माती ओली करून अंगठ्याने लांबवली, हुंगली (आता जिभेला लावतात की काय म्हणून ही आत निघून गेली), कमरेइतका खड्डा खणून घेतला, आणि म्हणाले, आज दिवसभर हा पाण्याने भरलेला ठेवा, उद्या येऊन पाणी किती उतरतं ते मोजतो. आता तूच सांग, मी तीस वर्षं कसली नोकरी केली? पाण्याच्या टाक्यांची गळती शोधायची! बोटभर पाणी उतरलं की टाकी नापास आणि बांधणाऱ्याची खरडपट्टी. दुपारी बघतो तर भेगांमधून चांगलं चार बोटं पाणी गायब. म्हणजे आपण नापास! पाणी उपसलं, चिकणमाती मळली आणि खड्डा आतून असा लिंपला की नोकरीत एकाही टाकीत मी इतका जीव ओतला नव्हता. (हे काय करताय, असं हिने दोनदा विचारलं. मी म्हटलं, तुला यातलं कळत नाही. हे वाक्य आता घरात रोज ऐकू येतं, फक्त बोलणारी ती असते.)

मग खड्डा पुन्हा काठोकाठ भरला. दुसऱ्या दिवशी साहेबांनी पट्टी लावली, घड्याळ लावलं. अर्ध्या तासात पाणी जागचं हललं नाही. मी छाती फुगवून उभा. साहेब म्हणाले, नापास. मला वाटलं, चेष्टा करतात. मी हमी दिली, साहेब, वर्षभर थेंब उतरायचा नाही! तेव्हा त्यांनी खड्ड्यात हात घातला, बोटांना लिंपण लागलं, आणि सांडपाणी जमिनीत जिरायला हवं, हे त्यांनी मला लहान मुलाला सांगावं तसं तीनदा सांगितलं. डोक्याला पटलं गं, हाताला अजून पटत नाही. मग लिंपण खरवडलं, पुन्हा दिवसभर पाणी भरलं, पुन्हा मोजलं. तरी ढिम्म! काळी माती भिजली की फुगते, भेगा मिटतात आणि पाणी अडतं म्हणे. म्हणजे लबाडी केली नसती तरी मी नापासच. मग माझी मेहनत वाया गेली, की लबाडी वाया गेली, आणि चिडायचं नक्की कोणावर, काही कळत नाही.

बाकी ठीक. दाजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. : वाटणीत मी बागेचं निमित्त करून काळ्या मातीचा अर्धा भाग हट्टाने घेतला आणि मुरमाड भाग तुझ्या गळ्यात मारला. तेव्हापासून तू माझ्याशी नीट बोलत नाहीस. चुकलं माझं. साहेब म्हणतात, शोषखड्ड्याला तुझी मुरमाड जमीनच उत्तम. कुंपणाजवळच्या तुझ्या कोपऱ्यात आमचा खड्डा होऊ देशील? लेखी संमती लागते.

ता. क. २ : माझ्यासाठी नको देऊस. तिच्यासाठी दे.

ता. क. ३ : खांद्यावरून हे वाचून ही हसत सुटली आहे. साहेब नापास म्हणाले त्याच दिवशी तिने तुला फोन केला, आणि तू सही केलेला कागद पाठवलासही म्हणे! फक्त मी माफी लिहीपर्यंत तो मला दाखवायचा नाही, अशी तुझी ताकीद. कागद कपाटात आहे, किल्ली तिच्याकडे. पहिला ता. क. माफीत धरायचा की नाही, ते ताईच ठरवतील, असं ती म्हणते. ताई, धर गं.