टेबलाच्या पायाखालचा अर्ज

आगरदांडा, रविवार

ती. येसाजीदादास,

सुचिताचा शिरसाष्टांग नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? नूतनवहिनीनं पाठवलेलं लोणचं संपलं, बरणी ठेवून घेतली आहे. आम्ही सगळे खुशाल, आणि मुख्य म्हणजे मी अजून नोकरीत आहे. मागे फोनवर रडले ते विसर.

तुला ठाऊकच आहे, ओंकार डॉक्टरांच्या जनावरांच्या दवाखान्यात मी सोळा वर्षं काढली. (बैलाची लाथ एक, कुत्र्याचे चावे दोन, मांजरांचं मी धरत नाही.) गेल्या महिन्यात आफरा नावाची डिप्लोमावाली मुलगी लागली आणि पहिल्याच दिवसापासून तिला माझ्याइतका पगार! पोरगी गुणी आहे, पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तू म्हणालास, गप्प बसू नकोस, हक्कानं माग. म्हणून अर्ज दिला. डॉक्टरांनी त्याची घडी करून डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवली. (टेबल तेव्हापासून हललं नाही, हे खरं.) मग मीही ठरवलं, नव्याइतका पगार तर नव्याइतकीच अक्कल.

मंगळवारी बिल्किसखाला त्यांचा बोका नवाब घेऊन आल्या. ओठात मासे पकडायचा गळ. आफरानं तो आला तसा मागे ओढला, आणि नवाब किंचाळत औषधांच्या कपाटावर. डॉक्टर स्टुलावर चढले ते ओरबाडलेला हात घेऊन उतरले. मी हाताची घडी घालून उभी. पण दादा, दोन मिनिटंसुद्धा धीर धरवला नाही. मुका जीव थरथरत होता, मला माझीच लाज वाटली. गोणपाट टाकून त्याला गुंडाळलं, डॉक्टरांनी भूल दिली, आणि आफराला दाखवलं: मागे ओढला की गळ जास्त रुततो. टोक पुढून बाहेर काढून कापायचं, मग बाकीचा निमूट येतो.

हात धुता धुता आफरानं विचारलं, "सर, सोळा वर्षांनी माझा पगार पण एवढाच असणार? आत्ताच सांगा, मी मुंबईला नोकरी बघते." बिल्किसखाला म्हणाल्या, "सुचिता न्हाय तर नवाब पण न्हाय."

डॉक्टरांनी खाली वाकून अर्ज काढला. माझा पगार वाढला, आणि दरवर्षीची वाढ दोघींनाही लिहून दिली. काय हायसं वाटलं म्हणून सांगू! घरी येऊन दोन घास जास्तच जेवले.

तुझी,
सुचिता

ता. क. नवाब बरा आहे. पुन्हा जेट्टीवरच बसतो.

ता. क. दुसरा : पत्राचं खरं कारण हे. तुझ्या दुकानात चौदा वर्षं राबणाऱ्या दयारामाचा फोन आला होता. नव्या माणसाला तू त्याच्याइतकाच पगार देतोस म्हणे. माझा अर्ज त्याला पाठवलाय, फक्त नाव बदलायला सांगितलंय. पुढच्या सोमवारी तुझ्या हातात पडेल. दुकानातलं टेबल डुगडुगत असेल, तर दुसरा कागद शोधून ठेव.