पाचचे टोले

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ७.१०
यशस्वी माणसं रोजनिशी लिहितात. म्हणून आजपासून मीही. नियम एकच, खरं तेच लिहायचं.
शाळेने माझा कोर्स घेतला. नववीच्या मुलांसाठी व्यवसाय शिक्षण, चार आठवडे, प्रायोगिक. शेवटी मुलांचा एक प्रोजेक्ट. तो मुख्याध्यापिकांना पटला तर कोर्स कायम, म्हणजे मीही कायम. त्यांनी पदवीचं विचारलं. म्हणालो, निकाल यायचाय. खोटं नाही. परीक्षाच दिली नाही तर निकाल येणार कुठून?
(कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलं. सर हजेरीवरून चारचौघांत बोलले, मी फाइल टेबलावर आपटून बाहेर पडलो. कोणीतरी बोलवायला येईल म्हणून गेटपाशी अर्धा तास थांबलो होतो. कोणी आलं नाही. नुकसान त्यांचंच.)
संकल्प : कोर्स कायम झाला की त्याच दिवशी तिला विचारायचं. सरळ लग्नाचंच. ती शाळेत ग्रंथपाल आहे. नाव लिहीत नाही, डायरी आईच्या हाती लागू शकते.

४ नोव्हेंबर. दुपारी २.३०
पहिला तास. बावीस मुलं. फळ्यावर लिहिलं, धंद्याला हृदय नसतं. टाळ्या अपेक्षित होत्या. पहिल्या बाकावरच्या चष्मेवालीने हात वर केला. सर, तुमचा धंदा कोणता? म्हणालो, प्लॅनिंग स्टेजला आहे. तिने ते वहीत उतरवून घेतलं. मागे कोणीतरी खिदळलं. एकाला वर्गाबाहेर काढला. नंतर कळलं, तो हसला नव्हता, त्याला उचकी लागली होती.
चष्मेवालीचं नाव ठेवलं : कॅल्क्युलेटर.
संकल्प : रागवायचं नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार. सायं. ५.२५
ती आली! बाबांच्या दुकानात!
शनिवारी बाबा चहाला घरी जातात तेवढा वेळ आजपासून मी गल्ल्यावर बसतो. घड्याळदुरुस्तीचं दुकान, रुंदीला दोन माणसं, भिंतभर लोकांची जुनी घड्याळं. पाचला दोन मिनिटं कमी असताना ती आली. काही घ्यायचं नव्हतं, काही दुरुस्तीलाही नव्हतं. मग कशाला आली? मी मूर्ख नाही.
नेमकं बोलायला तोंड उघडलं आणि मागच्या भिंतीवरच्या त्या लांबुडक्या घड्याळाने टोले सुरू केले. पाच. एकेक टोला म्हणजे बैलगाडी. ती बिचारी मान तिरकी करून टोले संपेपर्यंत थांबली, आदबीने, आणि गेली. अख्ख्या भिंतीवर टोले देणारं तेवढं एकच, आणि ते माझ्या मुळावर.

१० नोव्हेंबर. रात्र
बाबांशी वाजलं. म्हणाले, शाळेत शिकवतोस ते ठीक, पण आधी हे दुकान शिकून घे. मी म्हणालो, ज्या दुकानात पावती नाही, रजिस्टर नाही, तिथे शिकायचं काय? बाबा घड्याळाच्या किल्लीला नुसता दोरा बांधतात. लाल, काळा, पांढरा. कुणाचं काय ते त्यांच्या डोक्यात. आई म्हणाली, डोकं आहे म्हणून तरी ठेवतात. रोख माझ्यावर होता. ताटावरून उठलो. नंतर उठून पोळी खाल्ली, पण उभ्यानेच.

१३ नोव्हेंबर. सकाळी ८.००
बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन सोमवारी. मोतीबिंदू. दहा दिवस दुकानात बसायचं नाही. दुकान माझ्या हातात. प्रोजेक्ट सापडला!

१५ नोव्हेंबर, शनिवार. सायं. ५.१०
आली. चार अठ्ठावन्न. बसा ना, असं म्हणायचं आठवडाभर घोकलं होतं. तोंडातून निघालं, काय हवंय? तेवढ्यात टोले. पाच संपले, गेली. माझ्या आणि तिच्या मध्ये एवढं एक घड्याळ उभं आहे.
संकल्प : बघून घेतो त्याला.

१७ नोव्हेंबर. दुपारी १.४०
ऑपरेशन छान झालं. आत जाताना बाबा म्हणाले, रोज उघड, किल्ल्या दे, बाकी कशाला हात लावू नकोस. मी मान हलवली. मान हलवणं म्हणजे हो म्हणणं असं कुठे लिहिलेलं नाही.

१९ नोव्हेंबर. सायं. ७.००
मुलांना दुकानात नेलं. बावीसजण आत मावेनात, तिघं फुटपाथवर उभे. शिकवलं, पडून राहिलेला माल म्हणजे धंद्याच्या गळ्यातलं लोढणं. डेड स्टॉक. भिंतीवर एकतीस घड्याळं. काहींवर दोन बोटं धूळ. मालकांचा पत्ता नाही.
कॅल्क्युलेटरने विचारलं, सर, दोऱ्यांचे रंग वेगळे का? म्हणालो, घरात जो दोरा असेल तो. ती म्हणाली, मग हे पांढऱ्या दोऱ्याचं एवढं स्वच्छ का पुसलेलं आहे? तेच ते, टोलेवालं. म्हणालो, उद्योजक पाच सेकंदांत निर्णय घेतो, तुला पाच प्रश्न पडतात. वर्ग हसला. तिचे कान लाल झाले. वाईट वाटलं, पण शिस्त हवी.
यादीत पहिला नंबर टोलेवाल्याचा टाकला. स्वतःच्या हाताने.

२० नोव्हेंबर. दुपारी १२.१५
जुन्या वस्तूंचा व्यापारी टेम्पो घेऊन आला आणि सगळी घेऊन गेला. मुलांनी दोरे कापून केराच्या डब्यात टाकले. रिकाम्या भिंतीवर तक्ता लावला : आधी, नंतर. दुकान कसं मोकळं वाटतंय. बाबा बघतील तर खूश होतील. एका डोळ्याने का होईना.

२२ नोव्हेंबर, शनिवार. सायं. ५.४०

ती चार अठ्ठावन्नला आली. दारातच थांबली. मग आत येऊन मान तिरकी करून उभी राहिली. मोबाइलवर पाच वाजले. टोले नाहीत, अडथळा नाही, दुकानात फक्त आम्ही दोघं. पाच वाजून एक. दोन. पाच. गेली नाही! नेहमीपेक्षा पूर्ण पाच मिनिटं जास्त थांबली! मी म्हणालो, आता कसं शांत वाटतं ना? ती म्हणाली, हो.
आमचं पहिलं एकमत. माझ्याकडे पाहिलं तेव्हा डोळे भरलेले होते. एखाद्याचे डोळे उगाच भरून येत नाहीत.

२५ नोव्हेंबर. दुपारी ४.००
प्रोजेक्ट सादर झाला. आधीचा फोटो, नंतरचा फोटो. मुख्याध्यापिका म्हणाल्या, मुलांनी प्रत्यक्ष काम केलं, हे महत्त्वाचं. टाळ्या. कॅल्क्युलेटरने मात्र स्वतःचं एक पान शेवटी जोडलं होतं. वर मथळा, न विचारलेले प्रश्न. खाली एकच ओळ : ही घड्याळं कोणाची होती? मुख्याध्यापिका ते पान बराच वेळ बघत होत्या. मी म्हणालो, हुशार आहे, पण धंद्याला कच्ची.
ती हॉलमध्ये मागे उभी होती. फोटो दाखवले तेव्हा निघून गेली. लायब्ररी उघडायची असेल.

२६ नोव्हेंबर. सकाळी ११.३०
कोर्स कायम! मला कार्यालयात बोलावलं. कोर्स चालू राहील, म्हणाल्या, शिकवायला पदवीधर शिक्षक शोधतोय, निकाल आला असेल तर प्रमाणपत्र घेऊन या. म्हणालो, आणतो. कार्यालयातून बाहेर पडून गेटपाशी थांबलो. थोडाच वेळ.

२७ नोव्हेंबर. सायं. ६.५०
बाबा दुकानात आले. काळा चष्मा, आईच्या खांद्यावर हात. उंबऱ्यातच थबकले. आत पाहायच्या आधीच विचारलं, बंद का पडली सगळी?
मी डेड स्टॉक समजावून सांगू लागलो. बाबा भिंतीशी गेले आणि एकेका खिळ्यावरून हात फिरवत गेले. आई म्हणाली, अहो, लागेल बोटाला. ओरडले असते तर माझ्याकडे उत्तरं तयार होती. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, पांढऱ्या दोऱ्याचं पण?

२८ नोव्हेंबर. दुपारी ३.००
बाबांनी नवी वही आणायला लावली. म्हणाले, तुला रजिस्टर हवं होतं ना, लिही. बसून एकतीस घड्याळं सांगितली. क्रमाने. लाल दोरा म्हणजे झालंय, माणूस येईल. काळा म्हणजे भाग मिळायचाय. पांढरा म्हणजे मालक गेला, चालू ठेवायचं. पांढरं एकच होतं.
मी लिहिलं ते असं : अकरावा खिळा. शाळेतल्या ग्रंथपालबाईंच्या वडिलांचं. ते गेल्यावर आईला घरात टोले सोसेनात, म्हणून इथे ठेवलं. विकायचं नाही, बंद पडू द्यायचं नाही. मुलगी शनिवारी पाचला ऐकायला येते.
बाबांनी विचारलं, लिहिलंस? मी म्हणालो, लिहिलं. म्हणाले, वाचून दाखव. वाचता आलं नाही. आई म्हणाली, राहू द्या हो. बाबा म्हणाले, नाही, वाचू दे.
व्यापाऱ्याकडे धावलो. आतलं मशीन पितळेच्या भावात वितळायला गेलं. पेटी एका हॉटेलात, आत ग्लास ठेवायला फळ्या मारून. व्यापाऱ्याच्या गोदामात कोपऱ्यात लंबक पडला होता, तेवढा आणला.

२९ नोव्हेंबर, शनिवार
ती आली. बाबा म्हणाले, तू सांग. मी लंबक काउंटरवर ठेवला. रात्रभर वाक्य जुळवलं होतं, सगळी चूक माझी. तोंडातून निघालं, मुलांचा प्रोजेक्ट होता, त्यांना कळलं नाही.
ती म्हणाली, मी हॉलमधून निघून का गेले ते विचारायला ती चष्मेवाली बुधवारी लायब्ररीत आली, सगळं सांगून गेली मला. रडत होती. म्हणत होती, मी सरांना विचारलं होतं, पण जोरात नाही विचारलं.
बाबांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच. त्यांना आता स्पष्ट दिसतं.
तिने लंबक ओढणीच्या टोकाने पुसला आणि पर्समध्ये ठेवला. बाबांना म्हणाली, काका, तुम्ही डोळ्याला जपा. मग रिकाम्या खिळ्याकडे तोंड करून, मान तिरकी करून उभी राहिली. बाबाही उठून उभे राहिले. मग मीही.
किती वेळ, आणि ती किती वाजता गेली, ते लिहिता येत नाही. मोबाइल खिशातच राहिला. दुकानात चालू घड्याळ नाही.