डाळीएवढा मंगळ

अप्पा, न बघता तुम्ही त्याचं कसं काय खरं धरलं, हेच मला कळंना. ज्याच्यापायी एकोणिसाव्या वर्षी माझं लग्न मडक्याशी लावून दिलं, तो मंगळ मी परवा नांदेडला पोरीच्या गच्चीवर दुर्बिणीतून बघितला. मसुरीच्या डाळीएवढा हाय तो. तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर न्हाई, दोनदा भाजीत मीठच टाकायचं राहिलं.

झालं असं, तुमच्या नातीला कंधारचं स्थळ आलंय. पोरगा चांगला हाय, तिलाही पसंत हाय. पण पत्रिकेत तिलाही माझ्यासारखाच मंगळ निघाला. तिकडचे म्हणले, आधी मडक्याशी लग्न लावा, मग आमच्या पोराशी. मी लगेच हाव म्हणून बसले. संक्रांत झाल्यावर उदगीरहून मडकं मांडीवर घेऊन एसटीनं नांदेडला गेले, तिला समजवायला. ती तिथं शाळेत शिकवते. मडकं तिनं उचलून कोपऱ्यात ठेवलं. दिवे लागल्यावर म्हणली, "आई, वर चल. ज्याला भिऊन राहिलीस त्याला आधी बघ तरी."

गच्चीवर तिची दुर्बीण, बोअरच्या पाइपासारखी जाड. "एक डोळा मीट. नळीला हात लावू नको." मी डोळा लावला. नारिंगी ठिपका, पाण्यात पडल्यासारखा हालून राहिलेला.

"हालतोय की गं."

"तो न्हाई, मधली हवा हालतीय."

"बरं, आता मंगळ दाव."

"तोच हाय, आई."

"गप. थट्टा करू नको माझी."

ती हसली न्हाई. दुर्बिणीला मोबाइल चिकटवून तिनं त्याची फिल्म घेतली. मग खाली येऊन कॉम्प्युटरवर त्यातली हललेली चित्रं काढून टाकली आणि नीट आलेली एकावर एक बसवली. त्यातून एक गोळा वर आला. नारिंगी, मधे काळसर डाग, आणि टोकाला पांढरं काहीतरी. हे काय म्हणले तर म्हणती, बर्फ. जन्मभर ज्याला आग म्हणत आले त्याच्या डोक्यावर बर्फ हाय, अप्पा.

तुम्ही आडत दुकानात बसायचा, मी डबा घेऊन यायचे. शेतकरी पोतं उतरवतोय, तुम्ही सळई खुपसून मूठभर तूर काढताय, उन्हात धरताय, एक दाणा दाताखाली फोडताय. सख्ख्या भावाचा माल असला तरी. "बघितल्याबिगर भाव न्हाई," म्हणायचा. आणि माझ्या वेळेला? गुरुजी म्हणले, सातव्या घरात मंगळ हाय, नवऱ्याला खाईल, आणि तुम्ही मान हलवली. देवळामागं मडक्याला धोतर गुंडाळलं, माझ्या गळ्यात डोरलं घातलं, अक्षता पडल्या. मग ते मडकं विहिरीत सोडलं आणि काकूनं माझं डोरलं काढलं, कुंकू पुसलं. मी रडले तर तुम्ही खेकसला, "मडकंच होतं, रडायला काय झालं?" मडकंच होतं तर कुंकू कशाला पुसलं? पुढं खरं लग्न झालं, तरी सासरी कुणी खोकलं की आधी माझ्याकडं बघायचे. तुमचे जावई धडधाकट हायेत, आत्ता घोरून राहिलेत. तुम्ही म्हणाल, मडक्यानं वाचवलं. म्हणा.

पोरगी म्हणती, "मी मडक्याशी लग्न करणार न्हाई. मोडलं तर मोडलं." बोलताना आवाज कडक होता, पण डोळे भरले होते. तिला तो पोरगा पायजे हाय. हाव मी म्हणले होते, म्हणजे आता न्हाई म्हणायचं तेही मलाच, आणि त्यात तिचं स्थळ गेलं तर तेही माझ्याच माथी.

एक सांगते, कुणाला बोलले न्हाई. दुर्बिणीपासून उठताना मी त्याला हात जोडले. डाळीएवढा बघितला, तरी हात जोडले. पोरगी पाठमोरी होती म्हणून बरं.

तुम्ही तर देवाघरी गेलात, हे पत्र टाकू कुठं, उशीखालीच राहील. तरी मला जबाब पायजे. तुम्ही एकदा तरी मान वर करून त्याला बघितलं होतं का? हाव का न्हाई, एवढंच. शनिवारच्या आत सांगा. रविवारी कंधारचे येऊन राहिलेत, आणि त्यांच्यासमोर तोंड मला उघडायचं हाय.