संमतीपत्र अजून टाइप का झालं नाही

भाऊजींना वहिनीचा मनापासून नमस्कार. जाऊबाईंचा गुडघा आता जिना चढू देतो का? तुमचा खोकला गेला असं मी धरून चालते, कारण मागच्या खेपेला मला फोनवर समजावताना तुम्ही मध्ये एकदाही खोकला नाहीत. मी बरी आहे. वेळेवर जेवते.

पत्राला उशीर झाला तो तुम्हीच पाठवलेल्या संगणकामुळे. "वहिनी, दादाचं जुनं खटारं मी नेतो, हा नवा घ्या. जमला तर ठीक, नाहीतर हट्ट सोडा, गाळा शेजारच्या चष्मेवाल्याला देऊ आणि तुम्ही आमच्याकडे या," असं तुम्ही म्हणालात. हे गेल्यापासून गाळा आपल्या दोघांच्या नावावर, म्हणून माझी संमती हवी. आणि टाइपिंगचं दुकान घरचंच, म्हणून ते संमतीपत्र मीच टाइप करून, सही करून पाठवायचं. (सुरीला धार कोंबडीनेच लावायची, तसलं हे, पण माझी तक्रार नाही.) ते अजून का आलं नाही, ते सविस्तर सांगते.

पहिल्या दिवशी संमतीपत्रच करायला बसले होते. पण जुन्या प्रोग्रॅममध्ये सगळी बटणं ह्यांनी जिथे लावून ठेवली होती तिथे मुकाट बसलेली असत. नव्यात वर एक रुंद पट्टी आहे आणि तिच्यातली चित्रं दर टिचकीला घर बदलतात. आपल्या सासूबाई (देव त्यांचं भलं करो) मी नवी नवरी असताना साखरेचा डबा रोज नव्या फळीवर ठेवायच्या, त्यांची आठवण झाली. डबा तेव्हाही मी शोधलाच होता. छपाईचं बटण दुपारी सापडलं, तोवर चष्मेवाला डोकावून गेला. "काय काकू, जमतंय का?" हे विचारताना तो माझी भिंत नुसत्या नजरेने मोजतो. धंदाच डोळ्यांचा.

मग शिकवणीचे मास्तर प्रश्नपत्रिका घेऊन आले. त्यात बेडकाचं चित्र हवं होतं. चित्र आलं, पण केसभर डावीकडे सरकवायला गेले तर प्रश्न वाट फुटेल तिकडे पळाले. सातवा एकटाच पुढच्या पानावर जाऊन बसला आणि बेडूक मास्तरांच्या नावावर. मास्तर म्हणाले, "राहू द्या, मुलांना फरक कळणार नाही." मी बेडकाला हाकलून जागेवर आणलंच, पण तो दिवस बेडकाचा झाला. संमतीपत्र राहिलं.

पुढे एक घरमालक आले. भाडेकरूला कडक नोटीस हवी होती. मी लिहिलं, 'खोली ताबडतोब खाली करावी.' नवा प्रोग्रॅम न विचारता सल्ला देतो (तुमच्याकडून आलाय, त्यामुळे नवल वाटलं नाही). त्याने सुचवलं, 'आपण सवडीने खोली मोकळी केल्यास आम्ही आपले ऋणी राहू.' पुसायला गेले नि चुकून मान्यच केलं, आणि मालक घाईत सही करून निघून गेले. दोन दिवसांनी भाडेकरू तो कागद घेऊन दारात. म्हणाला, इतक्या वर्षांत मालक माझ्याशी इतकं गोड बोलले नव्हते. याला तितकंच गोड उत्तर लिहून द्या. दिलं. आता दोघांचा पत्रव्यवहार जोरात आहे, खोलीचा विषय मागे पडलाय, आणि दोघंही माझेच गिऱ्हाईक. त्यात तुमचं संमतीपत्र पुन्हा राहिलं.

एक मात्र मला लागलं. जुन्या प्रोग्रॅममध्ये ह्यांनी सोय केली होती: दोन अक्षरं दाबली की अख्खं वाक्य उमटायचं. अर्जाची सुरुवात, पावतीचा मजकूर, 'तरी कृपया विचार व्हावा', सगळं. नव्यात दोन अक्षरं दाबली तर दोनच अक्षरं आली. पुन्हा दाबली, पुन्हा दोनच. तुम्हाला ठाऊक आहे, शाळा माझी जेमतेम. वाचायला मी शिकले ते ह्यांच्या बिघडलेल्या कागदांवर. टोपलीतला चुरगळलेला कागद सरळ करायचा, मोठ्याने वाचायचा, अडलं तर हे टाइप करता करता तिकडूनच शब्द सांगायचे. त्यामुळे त्यांची सगळी वाक्यं मला पाठ होती. एकेक करून ती मी नव्यात भरली. त्या दिवशी दुकानात जरा सोबत होती. साहजिकच संमतीपत्राला हात लागला नाही.

तुमच्या आग्रहात काळजी आहे, हे मला कळतं. लोभ आहे तो असू द्या. वाढवायला जागा नसेल तर आहे तेवढा पुरे.

तुमची,
वहिनी

ता. क. वरचं वाचून संगणक मला जमत नाही असा समज करून घेऊ नका. हे पत्र त्याच्यावरच केलंय. समास बघा, एक ओळ बाहेर नाही. सगळ्यांची कामं वेळेत जातात. अडतो तो फक्त तुमचाच कागद, आणि तो पुढेही अडेल. यात मशीनचा दोष नाही.

दुसरा ता. क. काम वाढल्याने दुसरं टेबल टाकतेय. त्यावर ठेवायला ते जुनं खटारं परत पाठवा. गाळा मिळणार नाही, असं चष्मेवाल्याला मी सांगितलंय; त्याने भिंत मोजणं थांबवलं आणि बोर्डाचा मजकूर टाइप करून नेला. पैसे रोख दिले.

तिसरा आणि शेवटचा ता. क. प्रोग्रॅम तुम्ही तुमच्या नावाने चालू करून दिलात, म्हणून इथून जाणाऱ्या प्रत्येक फाइलवर 'लेखक' म्हणून तुमचं नाव येतं. मास्तरांनी विचारलं, हे कोण? मी म्हटलं, माझे दीर. टाइपिंग येत नाही त्यांना. जुन्यावर ह्यांचं नाव असायचं. तेच घालावं म्हणून बसले, अर्धं घातलं, पुसलं, आणि माझं लिहिलं. पण ते पक्कं करायला प्रोग्रॅम तुमचा पासवर्ड मागतो. तेवढा कळवा. संमती लागतेच आहे भाऊजी, फक्त ती तुमची.